बांधलेल्या हातांचा संघ

मागच्या महिन्यात कारखान्यातला एक तरुण अधिकारी घरी आला. चहा घेतला, तब्येत विचारली आणि मग मुद्द्यावर आला. कारखान्याची स्मरणिका निघणार आहे, तिच्यात जुन्या जनरल मॅनेजरसाहेबांवर एक लेख हवा. "आपला फुटबॉल संघ पार बुडाला होता, तो साहेबांनी कसा वर काढला, त्यावर तुम्हीच लिहू शकता. त्या संघातले आता तुम्हीच राहिलात," तो म्हणाला. "फार नको. दोन पानं, जरा गोड."

मी बरं म्हणालो. तो गेल्यावर लिहायला बसलो आणि दोन-तीन कागद फाडले. गोड लिहिण्याचा माझा पिंड नाही, आणि त्या साहेबांचा विषय निघाला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरातले म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. का म्हणून सोडू? साहेबांनी संघ वर काढला, हे अगदी खरं. कसा काढला, हे मात्र आजवर मला कुणी विचारलेलं नाही. त्या पोरानंही विचारलं नाही.

तेव्हा पन्नास साल नुकतंच मागं पडलं होतं. पिंपरी आणि चिंचवड ही दोन गावंच होती, मध्ये ज्वारीची रानं, आणि निगडी म्हणजे तर नुसता माळ. आमचा कारखाना ओतकामाचा. भट्टीत लोखंड वितळवायचं, काळ्या वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडून पंपाचे भाग बाहेर काढायचे. मी आणि माझा मोठा भाऊ, दोघंही तिथं कामाला होतो. मी लहान असतानाच वडील गेले, त्यामुळं मला दादानंच वाढवलं. शाळेत त्यानं घातलं, पवनेत पोहायला त्यानं शिकवलं, आणि वेळ पडली तेव्हा कानाखालीही त्यानंच काढली. घरात त्याचा शब्द शेवटचा असायचा आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

आमच्या पंचक्रोशीत फुटबॉल आणला तो दादानं. लढाईच्या दिवसांत तो खडकीला लष्कराच्या गुदामात हमाली करायचा. संध्याकाळी गोरे सोल्जर फुटबॉल खेळायचे आणि हा कुंपणाबाहेर उभा राहून बघायचा. गोरे गेले तेव्हा एक फाटका चेंडू दादाच्या हाती लागला. त्यानं तो चांभाराकडून शिवून घेतला आणि कुस्ती-हुतूतू खेळणाऱ्या पोरांच्या पायात दिला. पुढं कारखाना निघाला आणि तीच पोरं कारखान्याचा संघ झाली. गोलात चाकणचा एक मुसलमान मेकॅनिक, बाकी सगळे आसपासच्या गावांतले. मैदानातले दगड दादानं वेचले होते, चुन्याच्या रेघाही तोच मारायचा, आणि मागच्या फळीत डाव्या बाजूला तो स्वतः उभा राहायचा. घरचं रान कारखान्याखाली गेलं, त्याबद्दल तो कधी बोलला नाही. पण संघाबद्दल बोलायला लागला की त्याला जेवणाची शुद्ध राहायची नाही. वहिनी म्हणायची, माझ्या सवतीला पाय न्हाईत, नुसतीच गोल हाय.

आणि आम्ही हरायचो. येईल त्याच्याकडून हरायचो. खेळ येत नव्हता असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. दादासारखा चेंडू काढून घेणारा गडी पुण्यातसुद्धा सहसा दिसत नव्हता. आम्ही हरायचो ते एका सवयीपायी, आणि ती सवय तुमच्या घरातही असेल.

आपल्याकडं माणसाला पाय लावत नाहीत. चुकून लागलाच तर लगेच त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीशी न्यायचा. हे मुद्दाम कुणी शिकवत नाही. पापणी लवते तसा हात जातो. आता फुटबॉल हा सगळा पायांचाच कारभार. दादा धावत येणार, समोरच्याच्या पायातून चेंडू काढणार, आणि काढताना त्याच्या नडगीला पाय लागला की वाकून तिला हात लावणार. तो सरळ उभा राहीपर्यंत चेंडू तिसऱ्याच्याच पायात गेलेला असायचा. एकटा दादा नव्हे, आम्ही सगळेच तसे. गोलातला मेकॅनिक मागून ओरडायचा, "अरे राव, पहिलं बॉल काढा, पाया नंतर पडा." वर्षभरात त्यालाही ती खोड लागली. पुढं झेपावून चेंडू छातीशी धरायचा आणि पडल्या पडल्याच समोरच्याच्या पोटरीला हात लावायचा. पुण्यातले लोक आम्हाला नमस्कारवाले म्हणत. आम्हीही हसायचो. दादाला कुणी टोकलं तर तो म्हणायचा, "लाथ तर घालतोच आपण. वर चुकलं म्हणायचंबी न्हाई म्हंजी काय?"

अशा वेळी नवे जनरल मॅनेजर आले. पुण्याचेच, विलायतेत शिकलेले. गोरेपान, ताठ, बोलणं मोजकं. माणूस कामाला वाघ होता, हे मी आधीच लिहून टाकतो. नाहीतर म्हणाल, म्हातारा आकसानं लिहितोय. भट्टीचा धूर बाहेर खेचणारे पंखे त्यांनी बसवले. अंगावरची काळी वाळू धुवायला नळ आणि गरम पाणी त्यांनी दिलं. आधीचे साहेब ओतशाळेत नाकाला रुमाल लावून येत, हे बाह्या सारून येत. फुटबॉल ते विलायतेत खेळले होते. आल्या आल्या त्यांनी आमचा एक सामना पाहिला, खुर्चीत बसून, शेवटपर्यंत. एकदाही हसले नाहीत, आणि तेव्हा मला ते फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या संघाला ओतशाळेत उभं केलं. एक बिघडलेला पंपाचा भाग समोर ठेवला, आत पोकळी राहिलेला. म्हणाले, "याचं आपण काय करतो? ठिगळ लावतो?"

"न्हाई साहेब," दादा म्हणाला. "फोडतो आन् परत भट्टीत टाकतो."

"बरोबर. संघाचंही तेच करायचं आहे."

आम्ही माना डोलावल्या. फोडायचं म्हणजे काय, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आधी बूट आले. तोवर आम्ही अनवाणीच खेळत होतो आणि आता मोठ्या स्पर्धांत अनवाणी चालेनासं झालं होतं. साहेबांनी मुंबईहून खास बूट मागवले, खाली चामड्याच्या गुट्ट्या ठोकलेले. त्यांना वाटलं, निम्मं काम झालं. झालं उलटंच. उघडा पाय लागणं वेगळं आणि चामड्याचा जोडा लागणं वेगळं. कुणाला जोडा लावणं म्हणजे आमच्यात भांडण काढणं. त्यामुळं पूर्वी आम्ही एकदा नमस्कार करायचो, ते आता दोनदा करायला लागलो. एका कॉलेजच्या पोरांनी आम्हाला असं हरवलं की शेवटी शेवटी गोल केल्यावर त्यांनाच लाज वाटायला लागली. साहेब त्या दिवशी मोटारीत बसताना ड्रायव्हरशीही बोलले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी आमचे हात बांधले.

हे मी अलंकारिक लिहीत नाही. गोणपाटाच्या पट्ट्या आणल्या आणि प्रत्येकाचा उजवा हात पाठीमागं नेऊन कमरेला आवळून बांधला. वेळ निवडली शिफ्ट बदलण्याची. एक पाळी घरी निघालेली, दुसरी आत येणारी, त्यामुळं सगळा कारखाना मैदानाभोवती. साहेबांचं म्हणणं असं की सवय अंगात असते, तेव्हा ती अंगातूनच काढली पाहिजे. समजावून ती जाणार नाही. म्हणून आम्ही जोड्या करायच्या, एकानं चेंडू धरायचा, दुसऱ्यानं तो काढताना मुद्दाम नडगीवर पाय मारायचा. आणि नमस्कार न करता पुढं जायचं. जो वाकेल त्यानं वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायची.

जोड्या त्यांनी स्वतः लावल्या. माझ्यासमोर दादाला उभं केलं.

मी म्हणालो, "साहेब, हा माझा मोठा भाऊ आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "ज्याला लाथ मारताना सगळ्यात जास्त लाज वाटेल, तोच समोर हवा. त्याला मारता आलं की जगात कुणालाही मारता येईल. मैदानात भाऊ नसतो. मैदानात फक्त जागा असते."

हे वाक्य मी आयुष्यभर चघळलं आहे. हुशार माणसाचं वाक्य आहे. कुणी पुस्तकात छापलं तर लोक माना डोलावतील. पण ज्याच्या पोटात मायेचा लवलेश असेल तो ते दोन सख्ख्या भावांच्या तोंडावर बोलणार नाही.

मी पाय मारला. उजवा हात बांधलेला होता, तर डावा गेला. साहेबांनी शांतपणे डावाही बांधायला लावला. पुन्हा मारला. दोन्ही हात मागं आवळलेले, तर माझं डोकंच खाली गेलं, तोल सुटला आणि मी दादाच्या पायाशी तोंडावर आपटलो. दातात माती गेली. मैदानाभोवती हशा पिकला. ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खायचो ते पोट धरून हसत होते. दादानं मला खांद्यानं ढुशी देऊन उभं केलं, कारण त्याचेही हात बांधलेले होते.

"मार," तो हळू आवाजात म्हणाला. "म्या सांगतो तुला, मार. साहेब म्हणल्यात, पावसाळा सरंस्तवर ज्याची सवय जायची न्हाई त्यो भाईर. मला भाईर जायचं न्हाई."

म्हणून मी मारलं. रोज संध्याकाळी मारलं. रात्री जेवताना वहिनी दादाच्या नडगीला हळद लावायची आणि माझ्याकडं बघायची. एकदा तिला राहवलं नाही. "भावाभावांनी लाथा घालायच्या, आन् ह्याला खेळ म्हनायचं व्हय?" दादा तिच्यावर खेकसला. मी ताटावरून उठलो. त्या दिवसांत आम्ही दोघं कामावर बरोबर जाणंही टाळायला लागलो, मी थोडा मागून निघायचो.

आता साहेबांच्या बाजूचं. उपाय लागू पडला. दसऱ्यापर्यंत संघातल्या जवळजवळ सगळ्यांचा हात थांबला. मधल्या फळीचं पोर तर असं तयार झालं की पंचाची पाठ फिरली की मुद्दाम बूट घालायचं. साहेबांनी मुंबईहून दोन चांगले खेळाडू आणून कारखान्यात चिकटवले. दूध सुरू केलं, सामन्याच्या दिवशी पाळी माफ केली, कुणी कुठं उभं राहायचं ते खडूनं फळ्यावर काढून शिकवलं. आम्ही जिंकायला लागलो. पेपरात दोन ओळी आल्या. कारखान्यात आमच्याकडं बघायची लोकांची नजर बदलली, आणि ज्यांनी दात काढले होते तेच आता खांद्यावर हात टाकायला लागले. मलाही ते आवडलं. जिंकणं कुणाला आवडत नाही? साहेब हरले असते तर मी हा विषय हसण्यावारी नेला असता. ते जिंकले, आणि राग त्याचाच आहे. जिंकलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही.

एकटा दादा राहिला. हात बांधलेले असले की तो उत्तम खेळायचा. सोडले की पुन्हा तेच. त्याला स्वतःचाच राग यायचा. वाकून उठला की तोच हात मांडीवर आपटायचा. खडकीच्या लष्करी संघाबरोबर सामना ठरला, त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. मी बुटाच्या नाड्या बांधत जवळच बसलो होतो.

"हा संघ तू उभा केलास, मला मान्य आहे," ते म्हणाले. "म्हणूनच पावसाळा सरला तरी तुला ठेवलं. पण एका माणसासाठी मी नियम कायमचा मोडणार नाही. उद्या एकदा जरी तुझा हात गेला, तरी पुढच्या मोसमात तू नाहीस."

"व्हय साहेब," दादा म्हणाला.

सामना खडकीच्या मैदानावर होता. ज्या कुंपणाबाहेर उभं राहून दादा गोऱ्यांचा खेळ बघायचा, त्याच्या आत. सामना सुरू झाला आणि मी पाहिलं, दादानं उजव्या मुठीत चड्डीचा पट्टा गच्च धरला होता. तसाच धावत होता. प्रेक्षकांना वाटलं नाडी सुटली. हसू फुटलं, कुणीतरी नाडी आणून देऊ का म्हणून ओरडलं. दादानं मूठ सोडली नाही.

दादाच्या समोर खेळत होता लष्करी संघातला एक दक्षिणेकडचा शिपाई. किडकिडीत, काळासावळा, पायात वारं भरलेलं. आमची ख्याती त्याच्या कानावर गेलेली असावी. पहिल्यांदा दादाचा बूट लागला तेव्हा त्यानंच थांबून दादाकडं बघितलं आणि हसून म्हणाला, "आज नमस्ते नहीं?" दादा चेंडू घेऊन पुढं गेला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा त्या पोरानं स्वतःच हात जोडले, चिडवायला. त्यात विखार काही नव्हता. मला ते पोर आवडलं, खेळता खेळता हसणारे थोडे असतात. दादाच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो त्या पोराकडं बघायचं टाळत होता.

शेवटाला बरोबरी होती. तो शिपाई चेंडू घेऊन आला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. दादा आडवा गेला. चेंडू आधी लागला, हे मी शपथेवर सांगेन. पंचानं शिट्टी वाजवली नाही ते योग्यच होतं. चेंडूमागोमाग दादाचा बूट त्याच्या पायावर बसला आणि वाळलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. तो आमच्या गोलरक्षकापर्यंत ऐकू गेला. पोर पडलं. पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता.

चेंडू दादाच्या पायात होता. दादा उभा होता. त्याची मूठ चड्डीवरून सुटली होती आणि हात अर्ध्यापर्यंत आला होता, मी बघत होतो. तेवढ्यात रेघेवरून साहेब गरजले, "खेळ. खेळ पुढं."

हात थांबला. दादानं चेंडू लांब मारला. मुंबईहून आलेल्या गड्यानं तो घेतला आणि गोल केला.

बाकी सगळी धांदल. आमचे लोक मैदानात घुसले, टोप्या उडाल्या, मला कुणीतरी उचललं. साहेब, कधी न हसणारे साहेब, धावत आले आणि दादाला मिठी मारून म्हणाले, "आज तू खरा खेळाडू झालास." दादा त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता. पलीकडं त्या पोराला उचलून लष्कराच्या ट्रकमध्ये ठेवत होते. दादानं साहेबांचे हात सोडवले आणि पळाला. गर्दी आडवी आली, लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, वाट देत नव्हते. तो पोचेपर्यंत ट्रक निघाला होता.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं सायकलवर खडकीला लष्कराच्या इस्पितळात गेलो. दादानं परसातली केळी घेतली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, कुणाला भेटायचंय, नाव काय. नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. नातं काय? नातं नव्हतं. मग काम काय?

दादाला सांगता येईना. शेवटी म्हणाला, "उसको मेरा पाय लगा था."

पहारेकऱ्यानं त्याच्याकडं असं बघितलं की मला त्याच्या अंगावर जावंसं वाटलं. त्याचाही दोष नव्हता. असं कारण सांगून कुणी इस्पितळात येतं का? त्यानं आम्हाला परत पाठवलं. पुढच्या सुट्टीला पुन्हा गेलो तेव्हा आतून निरोप आणून त्यानं सांगितलं की त्या शिपायाला त्याच्या मुलखात हलवलं आहे. कुठला मुलूख ते सांगता येणार नाही. परत येताना दापोडीच्या पुलावर दादा सायकलवरून उतरला आणि हातात धरून चालायला लागला. मीही चाललो.

इकडं साहेबांनी नव्या मोसमाचा कप्तान म्हणून दादाचं नाव जाहीर केलं. नमस्कार घालवलेला शेवटचा माणूस, म्हणून त्याचा मान मोठा. मेकॅनिकनं ओतशाळेत पेढे वाटले. दादानं पेढा घेतला, खिशात ठेवला, आणि पाळी संपल्यावर घरी जाऊन बूट घेऊन आला. "चल माझ्यासंगं," म्हणाला.

साहेबांचा बंगला कारखान्यामागंच होता. पुढं व्हरांडा, तीन-चार दगडी पायऱ्या. साहेब वेताच्या खुर्चीत चहा घेत होते. आम्हाला बघून खूष झाले. "या कप्तान," म्हणाले. दादा पायऱ्यांच्या खालीच उभा राहिला.

"साहेब, म्या आता खेळायचा न्हाई."

साहेबांना वाटलं, त्या पोराच्या पायाचं मनाला लागलं आहे. ते समजुतीनं बोलले, हे खरं. म्हणाले, खेळात पाय मोडतात, माझाही मोडला होता. तुझी चूक नव्हती. चेंडू आधी लागला होता.

"पाय मोडला त्याचं म्या बोलत न्हाई," दादा म्हणाला. "म्या हमाली केली, मला ठावं हाय, हाडं मोडत्यात. पर त्यो पडला व्हता आन् माझा हात उठला न्हाई. उठत व्हता. तुमी हाक मारली आन् म्या थांबलो. आता त्यो कुठं हाय ते मला ठावं न्हाई. त्येच्या पायाला हात लावायचा राहिला तो राहिलाच."

"अरे, त्या एका क्षणामुळं आपण जिंकलो."

"व्हय. म्हणूनच म्हणतो, तुमचा संघ लई चांगला झालाय साहेब. त्यात माझं काम न्हाई."

मला वाटतं, साहेबांना ते खरंच कळलं नव्हतं. हुशार माणसाला एखादी गोष्ट कळत नाही तेव्हा तो गोंधळत नाही, चिडतो. त्यांचा चेहरा तांबडा झाला. दादा बूट ठेवायला पहिल्या पायरीशी वाकला. साहेब एकदम उठले, "थांब, हा काय वेडेपणा आहे," म्हणत भराभर पायऱ्या उतरले, आणि उतरताना त्यांचा बूट वाकलेल्या दादाच्या खांद्याला लागला.

आणि साहेबांचा उजवा हात गेला. दादाच्या खांद्याला लागला आणि त्यांच्या छातीशी आला. विलायत, फळा, गोणपाट, सगळं होतं तिथंच राहिलं. हात आपसूक गेला. त्यांचा हात कधी कुणी बांधलाच नव्हता.

मग त्यांना तो दिसला. छातीशी टेकलेला स्वतःचा हात ते बघत राहिले. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. तोंडावर असं काहीतरी बोलावं की या माणसाला जन्मभर पुरेल, असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

दादा सरळ उभा राहिला. त्यानं खांद्यावरची माती झटकली आणि अशा वेळी आपण जे म्हणतो तेच म्हणाला.

"असू द्या, साहेब."

त्यानं म्हटलं, तो तसाच होता. मी म्हणणार नाही.